वाट्यावरचे बोंबील आणि एकटं कासव

डहाणूच्या मासळी बाजारात कधी गेलात तर एक गंमत बघा. बोंबील वाट्यावर, कोळंबी किलोवर, पापलेट फार तर नगावर. पण 'नग' म्हटलं तरी तो अमुक एक पापलेट नसतोच, त्या आकाराचा कुठलाही चालतो. त्या वाट्यात एखाद्याची शेपटी तुटलेली असते, एखाद्याचं अंग जाळ्यात सोलून निघालेलं असतं. त्याची विचारपूस कोणी करत नाही. करायचं कारणही नाही म्हणा. आपण गेलेलो असतो कालवणाची सोय करायला.

आणि याच गावात, पारनाक्याला, जखमी समुद्री कासवांवर उपचार करणारं केंद्र आहे. तिथल्या टाकीत पुढचा पाय तुटलेलं एखादं कासव असतं. त्याची जखम धुतली जाते, औषध टोचलं जातं, आज खाल्लं का, किती खाल्लं हे बघितलं जातं. आणि ते खातं काय? मासेच! म्हणजे एक जखमी जीव वाट्यावर जातो आणि दुसऱ्या जखमी जिवाला भरवला जातो. समुद्र एकच, जाळंही बहुधा एकच.

हा काही ढोंगीपणा आहे असं मला म्हणायचं नाही. मी मासे खाते आणि कासवाचं कौतुकही करते. पण एकाला तराजू आणि दुसऱ्याला डॉक्टर, हे ठरलं कधी आणि कसं, हा प्रश्न मात्र सुटत नाही. त्याचा माग काढायचा तर पावणेदोनशे वर्षं मागे आणि डहाणूपासून बरंच लांब जावं लागतं. चला तर.

काचेआडचा मासा

माणूस हजारो वर्षं मासे पकडतोय, पण समुद्रातला मासा जगताना कसा दिसतो हे फार कमी जणांनी पाहिलं होतं. मासा दिसायचा तो जाळ्यात, म्हणजे मरताना. तो एकटा, शांतपणे, समोरून बघता यायला काच लागली.

१८४६ साली अ‍ॅना थिन नावाच्या इंग्रज बाईंनी किनाऱ्यावरची पोवळी बरणीत घालून लंडनला आणली. समुद्र लांब, पाणी बदलणार कसं? मग ते पाणी रोज एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते. हे काम अर्थातच मोलकरणीचं! इतिहासात नाव मालकिणीचं राहिलं. पंप निघायच्या आधीचा पंप म्हणजे एका बाईचे दोन हात होते.

१८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 'फिश हाउस' उघडलं, ते जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचं मत्स्यालयावरचं पुस्तक आलं आणि घरोघरी काचपेट्या ठेवायचं वेड पसरलं. ते फार टिकलं नाही. कारण सरळ होतं, मासे मरत.

खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळणं किती कठीण हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं. माशाच्या शरीरातून अमोनिया बाहेर पडतो, तो त्याचंच विष. समुद्रात तो कुठल्या कुठे विरून जातो, टाकीत साठतो. तो पचवणारे जिवाणू टाकीत वस्तीला यावे लागतात आणि ती वस्ती नीट बसायला काही आठवडे जातात. म्हणजे मासे पाळायच्या आधी न दिसणारे जिवाणू पाळायचे!

जखमी मासा असेल तर काम आणखी अवघड. समुद्राचं पाणी माशाच्या रक्तापेक्षा बरंच खारट असतं, त्यामुळे माशाच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं. म्हणून समुद्रातला मासा पाणी पितच असतो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांवाटे नि लघवीवाटे बाहेर टाकतो. अंगावरची खवलं, कातडी आणि तो बुळबुळीत थर हे त्याचं कुंपण. जखम झाली की कुंपण मोडतं, पाणी भराभर जायला लागतं. पाण्यात राहून तो तहानेनं मरू शकतो! नदीतल्या माशाचं बरोबर उलटं. त्याच्या जखमेतून पाणी आत शिरतं.

मोठ्या टाकीत आणखी पंचाईत. जखमी मासा दिसला की बाकीचे त्याला टोचायला लागतात. औषध तिथंच घालावं तर तांब्याचं औषध माशाच्या अंगावरचे परजीवी मारतं खरं, पण पोवळी आणि कोळंबीसुद्धा मारतं. म्हणून जखमी माशाला वेगळ्या टाकीत हलवायचं. आणि हलवायचं म्हणजे पुन्हा जाळीत धरायचं, पुन्हा तो बुळबुळीत थर निघणार. म्हणून जाणकार लोक शक्य तेव्हा माशाला पाण्यातच पिशवीत किंवा भांड्यात वळवून घेतात, त्याला हात लावत नाहीत.

हे सगळं एका माशासाठी कोण करेल? ज्याला तो मासा वेगळा ओळखू येतो तो. वाट्यातला मासा ओळखू येत नाही, काचेआडचा येतो. माझ्या मते मत्स्यालयानं केलेला मोठा बदल हाच. मासा वजनातून बाहेर आला आणि 'हा' मासा झाला.

तारापोरवाला

आपल्याकडे ही काच १९५१ मध्ये आली. मुंबईत मरीन ड्राइव्हला तारापोरवाला मत्स्यालय उघडलं, उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी केलं. नाव देणगीदार पारशी गृहस्थांचं, कारभार राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचा. मुंबई, ठाण्यापासून डहाणूपर्यंतच्या शाळांच्या सहली तिथं गेल्या नसतील असं होणारच नाही. आमच्या घरातल्या तीन पिढ्यांनी त्या काचेला नाक लावलंय!

पण प्रदर्शनातल्या माशाचं एक असतं. मासा मेला की त्या जागी दुसरा येतो, पाटी तीच राहते. पाटीवर जातीचं नाव असतं, त्या माशाचं नसतं. म्हणजे अर्धी ओळख झाली, पूर्ण नाही. तिथल्या टाक्यांत समुद्री कासवंही असत, त्यात किनाऱ्यावर जखमी सापडलेलीही. त्यांना मात्र लोक ओळखायचे. २०१५ मध्ये नूतनीकरण होऊन मत्स्यालय नव्यानं उघडलं. २०२० मध्ये कोविडमुळे बंद झालं आणि नंतर इमारतच धोकादायक ठरली.

जपानच्या मत्स्यालयांत ही ओळख पुढच्या टोकाला गेली. ओकिनावाच्या चुराउमी मत्स्यालयात फुजी नावाची डॉल्फिन होती. २००२ मध्ये आजारानं तिच्या शेपटीचा बराचसा भाग गेला, तेव्हा टायर बनवणाऱ्या ब्रिजस्टोन कंपनीनं तिच्यासाठी रबराची शेपटी केली. ती लावून फुजी पुन्हा पोहली, उड्या मारल्या आणि २०१४ पर्यंत जगली. कोबेच्या मत्स्यालयात यू नावाची एक कासवीण होती. २००८ मध्ये ती जाळ्यात सापडली तेव्हा तिचे पुढचे दोन्ही पाय अर्धवट तुटलेले, बहुधा शार्कनं. तिच्यासाठी कृत्रिम पायांचे किती नमुने केले आणि फसले! २०१३ मध्ये अंगरख्यासारखा चढवायचा एक नमुना जमला.

हे ऐकून डोळे भरून येतात, पण एक गोष्ट लक्षात घ्या. फुजी आणि यू परत समुद्रात गेल्या नाहीत. काच त्यांना ओळख देत होती आणि ठेवूनही घेत होती.

नायलॉन

आता आपल्या किनाऱ्यावर येऊ. दक्षिणेला चिंचणी-वरोरपासून वर वाढवण, धाकटी डहाणू, पारनाका, नरपड, घोलवड, बोर्डी आणि शेवटी तलासरी तालुक्यातलं झाई. तलासरी म्हटलं की आपल्याला डोंगर, वारली पाडे आणि हायवे आठवतो, पण त्या तालुक्यालाही झाईच्या रूपानं समुद्राचा एक तुकडा मिळालाय. पलीकडे लगेच गुजरात.

इथली जाळी पूर्वी सुताची आणि तागा-सणाची असत. झाडाच्या सालीच्या रंगात बुडवून ती टिकवायची, वाळवायची, तुणायची. तरी ती कुजतच. कोळी-मांगेल्यांच्या मागचं ते न संपणारं काम होतं. १९५०-६०च्या दशकांत नायलॉन आलं आणि हा जाच संपला. हलकं, मजबूत, न कुजणारं. मासेमार कुटुंबाला नायलॉननं काय दिलं हे आपण किनाऱ्यावर उभं राहून पर्यावरणाच्या गप्पा मारताना विसरू नये.

पण न कुजणं हाच त्याचा दोषही ठरला. सुताचं तुटलेलं जाळं समुद्रात काही काळानं विरून जायचं. नायलॉनचं जाळं मालकाविना वर्षानुवर्षं फिरत राहतं आणि पकडत राहतं. त्याला 'भूतजाळं' म्हणतात ते उगाच नाही. कासव त्यात अडकतं, सुटायला धडपडतं, दोरी पायाभोवती आवळत जाते. रक्त थांबतं, पाय सडतो, कधी गळूनच पडतो. पावसाळ्यात समुद्र खवळला, वारा किनाऱ्याकडे लागला की अशी दमलेली कासवं वाळूवर येऊन पडतात. ऑलिव्ह रिडले सर्वांत जास्त, त्यांच्याबरोबर ग्रीन टर्टल आणि हॉक्सबिलही.

कासव माशासारखं कल्ल्यांनी नाही, आपल्यासारखं फुप्फुसांनी श्वास घेतं. जाळ्यात पाण्याखाली अडकून राहिलं तर चक्क बुडून मरतं.

रिकामी व्हायची टाकी

डहाणूत वनविभाग आणि 'वाइल्डलाइफ कन्झर्वेशन अँड अ‍ॅनिमल वेल्फेअर असोसिएशन' ही स्थानिक संस्था मिळून कासवांचं केंद्र चालवू लागली. पशुवैद्य डॉ. दिनेश विन्हेरकर यांचं नाव या कामाशी जोडलं गेलंय. २०१० नंतरच्या दशकात पावसाळा आला की डहाणूत कासवं सापडल्याच्या बातम्या येऊ लागल्या आणि हळूहळू मुंबईकडची जखमी कासवंही इथं यायला लागली. आजवर माणसं उपचाराला डहाणूहून मुंबईला जात होती. कासवांनी ही दिशा उलटी केली!

अशा केंद्रात चालतं काय? कासव आलं की आधी त्याला टाकीत सोडायची घाई करत नाहीत. दमलेलं कासव मान वर उचलून श्वास घेऊ शकलं नाही तर टाकीतही बुडेल. म्हणून सुरुवातीला ओलसर कोरड्यावर. पाठीवर शिंपल्यासारखे बार्नेकल आणि जळवा चिकटलेल्या असतात, त्या काढायला काही काळ गोडं पाणी. खाऱ्या पाण्यातल्या जीवजंतूंना ते सोसत नाही, कासवाला सोसतं. मग सलाइन, प्रतिजैविकं. सरपटणाऱ्या प्राण्याचं शरीर सगळं सावकाश करतं, त्यामुळे काही औषधं दोन-तीन दिवसांतून एकदाच. जखमेवर मधसुद्धा वापरतात, आपल्या आजीच्या बटव्यातला! अमेरिकेतल्या फ्लोरिडात मॅरेथॉन गावी १९८६ मध्ये एका मोटेलच्या मालकानं, रिची मोरेटी यांनी, खास कासवांचा दवाखाना काढला. तिथंही मध वापरतात.

काही कासवं पाण्यात बुडतच नाहीत, एका बाजूला कलंडून तरंगत राहतात. फुप्फुसाला संसर्ग होऊन, प्लास्टिक गिळून किंवा नावेची धडक बसून शरीरात हवा साठते. असं कासव खाली जाऊन खाऊ शकत नाही. उन्हात भाजतं, उपाशी मरतं. त्याला बरं व्हायला महिने लागतात.

आणि कसोटी काय? ते बुडी मारतंय का, आपलं आपण खातंय का, सरळ पोहतंय का. एक पाय गेलेलं कासव बहुधा जगू शकतं, समुद्रात तशी कासवं दिसतात. पुढचे दोन्ही गेले तर परतीची वाट बंद. जमलं तर एके दिवशी त्याला उचलून किनाऱ्यावर नेतात आणि ते मागे वळून न बघता पाण्यात जातं. आभार-बिभार काही नाही.

मत्स्यालय आणि हे केंद्र यांच्यातला फरक इथं आहे. मत्स्यालयाची टाकी भरलेली असली की ते यशस्वी. या केंद्राची टाकी रिकामी झाली की ते यशस्वी. ओळख तीच, पण ठेवून घेण्यासाठी नाही.

लेक माहेरी येते

मग सगळं कौतुक कासवाचंच का, माशाचं का नाही? कायद्यानं बघायला गेलं तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत समुद्री कासवं आहेत. शिवाय देवळात कूर्म आहेच, गाभाऱ्याकडे तोंड करून बसलेला. कासवाला पाय लावू नये हे कायद्याच्या आधीच आपल्याला शिकवलेलं असतं.

पण एका माशाच्या बाबतीतही हे घडलंय, आणि तेही झाईपासून फार लांब नाही. व्हेल शार्क म्हणजे जगातला सर्वांत मोठा मासा. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर त्याची मोठी शिकार व्हायची. २००१ मध्ये तो पहिल्या अनुसूचीत आला, कायद्यानं असं संरक्षण मिळालेला भारतातला पहिला मासा. पण नुसत्या कायद्यानं भागलं नसतं. २००४ मध्ये मोरारीबापूंनी लोकांना सांगितलं की ही लेक आहे, बाळंतपणाला माहेरी येते, तिला मारायचं कसं? तिला 'व्हाली' म्हणजे लाडकी म्हणायला लागले. ज्या मासेमारांनी तिला मारलं त्याच घरांतले लोक आपली जाळी कापून तिला सोडू लागले, आणि फाटलेल्या जाळ्याची भरपाई मिळायची सोयही झाली.

टनावर मोजला जाणारा मासा 'लेक' झाला की तराजू खाली ठेवला जातो. इतकं साधं आहे ते. पण भरपाईशिवाय ते टिकलं नसतं, हेही तितकंच खरं.

महाराष्ट्रानं हा धडा डिसेंबर २०१८ मध्ये घेतला. कासव, व्हेल शार्क असे संरक्षित जीव सोडवायला जाळं कापलं तर मासेमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई द्यायची योजना आली. मला हा या सगळ्या इतिहासातला मोठा टप्पा वाटतो. कारण कासवाचा पहिला डॉक्टर तोच, बोटीवर कोयता हातात घेऊन उभा असलेला. त्यानं जाळं कापलं तर पारनाक्याला कासव यायची वेळच येत नाही.

एकानं काय होणार?

आता खरी शंका. एवढा खर्च, एवढे महिने, एका कासवासाठी? समुद्रात लाखो आहेत!

याचं उत्तर भावनेनं नाही, गणितानंच दिलेलं आहे. कासव वाचवायचं तर अंडी वाचवा, असं जगभर मानलं जायचं. आपल्याकडेही चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून वेळासला अंडी राखायचं मोलाचं काम केलं. पण १९८७ मध्ये क्राउझ, क्राउडर आणि कॅसवेल या तीन अमेरिकन अभ्यासकांनी लॉगरहेड कासवांचा हिशेब मांडला. निघालं असं की एकूण एक अंडं वाचवलं तरी तेवढ्यानं कासवं सावरणार नाहीत. मोठी होत आलेली आणि वाढलेली कासवं वाचली तर सावरतील. कासवाला वयात यायला दहा-वीस, कधी त्याहून जास्त वर्षं लागतात. इतके धोके पार करून मोठी झालेली एक मादी म्हणजे पुढची कित्येक वर्षं दर हंगामात शेकडो अंडी. वाळूवर येऊन पडतं ते हेच, मोठं झालेलं कासव.

या हिशेबानं कोळंबीच्या जाळ्याला कासव बाहेर पडायची खिडकी ठेवायचा आग्रह बळकट झाला. त्यातूनच भांडणंही आली. अमेरिकेनं खिडकी नसलेल्या जाळ्यातली कोळंबी नाकारली, तेव्हा भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड जागतिक व्यापार संघटनेत गेले. १९९८ मध्ये निकाल लागला, की हेतू योग्य पण अंमलबजावणीत भेदभाव आहे. २०१९ पासून भारताची समुद्रातली कोळंबी अमेरिकेनं बंदच केली. तोटा शेवटी बोटीवरच्या माणसाला. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं आपल्या जाळ्यांना साजेशी खिडकी केली आहे, पण खिडकीतून मासळीही निसटते ही मासेमाराची तक्रार खोटी म्हणता येत नाही.

म्हणजे एक आणि अनेक हे दोन हिशेब वाटतात तितके वेगळे नाहीत. मात्र जोडणारा माणूस मधे लागतो.

डहाणूला हे नवीन नाही. जून १९९१ मध्ये हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला, १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं प्राधिकरण आलं आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारींनी २०१९ मध्ये जाईपर्यंत ते सांभाळलं. वाढवणचं बंदर १९९८ मध्ये नाकारलं गेलं, २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणानं नव्या प्रस्तावाला संमती दिली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झाली. बंदराचा हिशेब टनांत आणि कोटींत असतो. किनाऱ्यावरच्या मासेमारांचा विरोध होता आणि आहे, तो याच भीतीपोटी की त्या हिशेबात आपण वाट्यावर जाऊ, नगावरही नाही. या भीतीला उत्तर द्यायचं तर माणसंही एकेक मोजावी लागतील.

असो. सुट्टीत बोर्डी-डहाणूला जाणाऱ्या समस्त मामे-आते-मावस भावंडांसाठी शेवटी कामाचं. वाळूवर कासव दिसलं तर त्याला 'बिचारं' म्हणून परत पाण्यात ढकलू नका, ते दमून बाहेर आलंय. उलटं करू नका, पाय धरून ओढू नका, पाणी-बिणी पाजू नका. सावली करा, पाठीवर ओलं फडकं टाका, नाकपुड्या मोकळ्या ठेवा, कुत्र्यांना आणि सेल्फीवाल्यांना लांब ठेवा. वनविभागाचा १९२६ हा नंबर फिरवा. आणि गाडी येईपर्यंत तिथंच थांबा. तेवढा वेळ ते कासव तुमचं.